नाथांच्या घरचे पाणी

फाल्गुन वद्य षष्ठी हा श्रीएकनाथ महाराजांच्या निर्याणाचा पुण्यदिवस. महाराष्ट्राच्या दूरदूरच्या गावांतून निघालेल्या दिंड्या या दिवशी गोदावरीच्या तीरी पैठणात येऊन पोहोचतात. संप्रदायात या तिथीला पंचपर्वाचे माहात्म्य आहे. नाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला श्रीदत्तप्रभूंचा अनुग्रह, नाथांची व त्यांची पहिली भेट, स्वामींचे निर्याण आणि स्वतः नाथांचे निर्याण, अशा पाचही घटना याच तिथीच्या मानल्या जातात.

आम्ही तापीकाठचे. गोदाकाठच्या संताचे चरित्र येथे का आळवावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास त्याचे उत्तर आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीतच आहे. तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा क्षेत्री केदारेश्वराप्रमाणेच गौतमेश्वराचेही देवालय आहे. गुरू सिंह राशीस आला की गौतमी, म्हणजेच गोदावरी, तापीच्या भेटीस येते, अशा श्रद्धेने तेथे दर बारा वर्षांनी मेळा भरतो. दुसरा धागा याहून निकटचा आहे. नाथांना घडविणारे जनार्दनस्वामी हे मूळचे चाळीसगावचे, म्हणजे आपल्या खानदेशचेच. तेव्हा नाथांचे चरित्र हे आमच्या दृष्टीने परगावचे नव्हे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. नाथांच्या आयुष्यातील ज्या कथा आपण कीर्तनातून ऐकतो, त्यांतील बहुतेकांचे प्रसिद्ध रूप महिपतींच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आले. त्यांचा भक्तिविजय १७६२ सालचा आणि भक्तलीलामृत १७७४ सालचे. म्हणजे नाथांच्या निर्याणानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर हे लेखन झाले. त्यामुळे या कथांत इतिहास किती आणि लोकांच्या प्रेमाने घातलेली भर किती, याचा निवाडा अवघड आहे. परंतु समाज कोणाविषयी कोणत्या कथा जपतो, यालाही अर्थ असतो. नाथांच्या कथा आम्ही जेव्हा एकापुढे एक मांडून पाहतो, तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. या कथांतून सर्वत्र पाणी वाहते आहे. कोठे कावडीतले, कोठे रांजणातले, कोठे नदीचे, तर कोठे आभाळातून कोसळणारे.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास पैठण येथे झाला, असे सामान्यतः मानतात. घराणे थोर विठ्ठलभक्तांचे. त्यांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी विजयनगरास नेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणली, अशी परंपरा आहे. नाथांच्या वडिलांचे नाव सूर्यनारायण व मातेचे रुक्मिणी. ही दोघेही नाथ लहान असतानाच निवर्तली आणि पोरक्या नातवाचा भार आजोबा चक्रपाणी यांच्यावर पडला. वृद्ध आजा, आजी आणि एकुलता नातू, एवढेच ते घर. पुढे ज्या घराची दारे अवघ्या जगाला मोकळी झाली, त्याचा आरंभ असा रिकाम्या ओसरीतून झाला, हे विसरून चालणार नाही.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास नाथ गुरूच्या शोधात देवगिरीस गेले. तेथे जनार्दनस्वामी निजामशाहीच्या वतीने किल्ल्याचा कारभार पाहत. हातात दौलतीची कागदपत्रे, कमरेला तलवार आणि अंतरी दत्तभक्ती, असा हा विरळा अधिकारी होता. त्यांनी शिष्याला प्रथम ध्यानधारणा शिकविली नाही, तर हिशेब लिहावयास बसविले. हिशेबात एका पैची चूक राहिली म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, ही कथा सर्वश्रुत आहे. क्षुल्लक वाटणारे काम मन लावून करणे हाच भक्तीचा पहिला पाठ, असे त्या गुरूने शिकविले. गुरूबरोबरच्या तीर्थयात्रेत त्र्यंबकेश्वरी त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर ओवीबद्ध टीका केली. तीच त्यांची पहिली ग्रंथरचना.

यात्रेहून परतलेल्या नाथांना पैठणच्या वाटेवर आजोबा भेटले. जनार्दनस्वामींनी दिलेले पत्र त्यांच्यापाशी होते. जेथे हे पत्र हाती पडेल तेथेच राहावे आणि गृहस्थाश्रम स्वीकारावा, असा त्यातील आशय होता. नाथ त्या जागेवरून पुढे गेले नाहीत; तेथेच त्यांचे घर उभे राहिले, असे परंपरा सांगते. तपाने तेजाळलेल्या तरुणाला त्याच्या गुरूने वनात न पाठविता घरी पाठविले, ही घटना मराठी संतपरंपरेत फार मोलाची आहे. विजापूरकडील एका सत्शील घराण्यातील गिरिजाबाई त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. हरी हा पुत्र आणि गोदावरी व गंगा या दोन कन्या. कन्यांना नद्यांची नावे ठेवणाऱ्या या घरात पाण्याविषयी कोणती भावना नांदत असेल, हे निराळे सांगावयास नको.

आता त्या घराचा व्यवहार कसा असेल, याचा थोडा विचार करू. पहाटे गोदास्नान, मग देवपूजा, दुपारी अतिथींसह भोजन, नंतर भागवताचे निरूपण, रात्री कीर्तन. दारी येणाऱ्याला विन्मुख पाठवायचे नाही, हा नेम. पंक्तीला रोज किती पाने मांडावी लागतील, याची खात्री गिरिजाबाईंनाही नसे. अशा घराला धान्याहून आधी काही लागत असेल तर ते पाणी. पूजेला पाणी, सोवळ्याला पाणी, स्वयंपाकाला पाणी, पाय धुवावयास पाणी, उन्हातून आलेल्याच्या घशाला पाणी. नळ नसलेल्या त्या काळी हे सारे माणसाच्या खांद्यावरून येत असे. नदीचा घाट उतरून कावड भरायची, ओल्या पायऱ्या चढायच्या, अंगणातील रांजणात ती रिती करायची आणि पुन्हा घाट उतरायचा. हे काम करणारा तो पाणक्या. कोणत्याही घरात सर्वांत आधी उठणारा आणि सर्वांत कमी वाखाणला जाणारा.

नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा असा एक सेवक राहिला. त्याने बारा वर्षे पाणी भरले, चंदन उगाळले, पडेल ते काम केले. पुढे द्वारकेत कठोर तप करणाऱ्या एका ब्राह्मणाला भगवंताने स्वप्नात कळविले की, आपण येथे नसून पैठणात एकनाथाच्या घरी पाणी भरीत आहोत. तो ब्राह्मण धावत पैठणास आला आणि त्याने श्रीखंड्याची चौकशी आरंभिली. तोवर श्रीखंड्या अदृश्य झाला होता. आपल्या घरी राबणारा गडी कोण होता, हे नाथांना तेव्हा उमगले.

या कथेत भगवंताने निवडलेले काम कोणते, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो नाथांच्या घरी राजा म्हणून आला नाही, पाहुणा म्हणून आला नाही, पंडित म्हणूनही आला नाही. तो पाणक्या झाला. संस्कृतात यामागे एक सुंदर संकेत आहे. नारायण या शब्दाची प्राचीन व्युत्पत्ती पाण्याशी निगडित आहे; नार म्हणजे जल आणि तेच ज्याचे अयन, म्हणजे निवासस्थान, तो नारायण. अमरकोशात पाण्याच्या पर्यायांत जीवन हा शब्द दिला आहे. जो स्वतः जलात वास करतो, त्यानेच भक्ताघरी जीवन वाहून आणले, असा हा अर्थ लागतो.

परंतु देव नाथांच्याच घरी का राबला? पैठणात विद्वान थोडे नव्हते आणि कर्मठही थोडे नव्हते. आमच्या मते याचे उत्तर नाथांच्या इतर कथांत आहे. काशीहून गंगोदकाची कावड घेऊन नाथ रामेश्वरास निघाले होते. शेकडो कोस खांद्यावर वाहिलेले ते पाणी शिवलिंगावर घालायचे, हा त्या यात्रेचा संकल्प. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. बरोबरचे यात्रेकरू हळहळून पुढे गेले. नाथांनी कावड उतरविली आणि ते गंगोदक त्या मुक्या जिवाच्या मुखी घातले. त्यांच्या दृष्टीने रामेश्वर तेथेच भेटला होता. ज्याच्या खांद्यावरची कावड गाढवासाठी उतरते, त्याच्या घरची कावड देवाने उचलावी, यात नवल ते काय?

दुसरी कथा गोदेच्या वाळवंटातील. मध्यान्हीच्या वेळी नाथ स्नानाहून परतत असता महारवाड्यातील एक लेकरू तापल्या वाळूत चुकून आक्रोश करीत होते. आसपास स्नानसंध्या करणारे होते, परंतु स्पर्शाच्या भयाने कोणी पुढे होईना. नाथांनी त्याला कडेवर घेतले, त्याचे डोळे पुसले आणि त्याच्या आईच्या हाती नेऊन दिले. तिसरी कथा त्यांच्या शांतीची कसोटी घेणारी. स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक उद्दाम मनुष्य थुंकला. नाथ मागे वळले व पुन्हा स्नान करून आले. तो पुन्हा थुंकला. असे एकशे आठ वेळा घडले, असे सांगतात. शेवटी थुंकणारा थकला आणि पायांवर लोळला. नाथांनी त्याचे आभारच मानले, कारण त्याच्या योगाने एका दिवसात गोदामाईची एकशे आठ स्नाने घडली होती. भर पावसाच्या मध्यरात्री भिजून आलेल्या अतिथींसाठी कोरडे सरपण मिळेना, तेव्हा नाथांनी स्वतःची बाज मोडून चूल पेटविली, ही कथाही याच मालिकेतील.

या वागण्याची किंमत नाथांना मोजावी लागली. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा वास घेऊन आशेने थबकलेल्या अस्पृश्य कुटुंबांना त्यांनी ते अन्न वाढले. ब्राह्मणांनी त्यांच्या घरावर बहिष्कार घातला, प्रायश्चित्त मागितले. नाथांनी वाद घातला नाही आणि आपला मार्गही सोडला नाही. राणू महाराच्या घरी जेवावयास जाण्याचे वचन त्यांनी पाळले, असेही चरित्रकार सांगतात. आज हे वाचताना सोपे वाटते. परंतु ज्या गावात मुलांच्या मुंजी आणि मुलींची लग्ने व्हायची, त्या गावाचा रोष पत्करणे हे प्रापंचिक माणसाला किती जड असते, ते प्रपंच करणारालाच कळेल. एकटा संन्यासी समाजाशी भांडतो तेव्हा त्याचे फारसे काही जात नाही. नाथांचे सारे घरच पणाला लागले होते.

नाथांची ग्रंथरचनाही आम्हांला पाणी शेंदण्यासारखीच वाटते. आम्ही आयुष्यभर संस्कृताची उपासना केली आहे. ती विहीर अथांग आहे, तिचे पाणी अमृतासमान आहे, यात शंका नाही. परंतु विहीर कितीही गोड असली तरी ज्याच्यापाशी दोर नाही, तो काठावर तहानलेलाच राहतो. नाथांनी तो दोर मराठीचा वळला. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये कार्तिकी पौर्णिमेस काशीक्षेत्री पूर्ण झाली. तीत अठरा हजारांहून अधिक ओव्या आहेत. भागवत प्राकृतात आणल्याचा काशीच्या पंडितांना प्रथम संताप आला. पुढे त्यांनीच त्या ग्रंथाचा गौरव केला, अशी परंपरा आहे. त्याच्या दोन वर्षे आधी रुक्मिणीस्वयंवर झाले होते. भारुडांतून तर नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, महार अशा साऱ्यांच्या तोंडी परमार्थ घातला. ज्यांना ओवीचा घाटही उतरता येत नव्हता, त्यांच्या अंगणात त्यांनी पाणी नेऊन ओतले.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत त्यांनी केलेले काम निराळ्या प्रकारचे आहे. तीनशे वर्षांच्या नकलांमुळे त्या ग्रंथात अपपाठ शिरले होते. विहिरीत गाळ साचावा तसे ते झाले होते. नाथांनी अनेक पोथ्या ताडून शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्या ओव्या त्यांनी तीत घुसडल्या नाहीत. गाळ काढायचा आणि मूळचा झरा मोकळा करून बाजूला व्हायचे, हा विनय विद्वानांत दुर्मीळ.

याच मराठीपायी त्यांच्या घरात दुःख उभे राहिले. पुत्र हरिपंडित संस्कृतात पारंगत झाला होता. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे, वाटेल त्याच्याकडचे अन्न घ्यावे, हे त्याला रुचेना. तो रुसून काशीस निघून गेला. नाथ वृद्धापकाळाकडे झुकत असता स्वतः काशीस गेले आणि मुलाच्या अटी मान्य करून त्याला घरी घेऊन आले. मराठीत प्रवचन करणार नाही, परान्न घेणार नाही, एवढे त्यांनी कबूल केले. हरिपंडित संस्कृतात सांगू लागला आणि श्रोते हळूहळू विरळ झाले. पुढे एका वृद्धेने सहस्रभोजनाचा संकल्प सांगितला. द्रव्य नसल्यामुळे तिने एकट्या नाथांना जेवू घातले. भोजनानंतर हरिपंडित पत्रावळ उचलू लागला, तर एक उचलावी तो खाली दुसरी, असे होता होता सहस्र पत्रावळी निघाल्या, अशी कथा आहे. पुत्राचा अभिमान तेथे गळाला. आम्हांला या कथेतील चमत्काराहून आधीचा भाग अधिक मोठा वाटतो. ज्या नाथांनी साऱ्या पैठणपुढे मान तुकविली नाही, त्यांनी मुलाला घरी आणण्यासाठी आपले सर्वांत प्रिय व्रत काही काळ बाजूला ठेवले. कुटुंब, श्रद्धा आणि समाज या तिन्हींचा भार एकाच खांद्यावर वाहताना कावड कधी इकडे कलते, कधी तिकडे. ती पडू न देणे हीच त्यांची साधना होती. याच घराण्यात त्यांचा दौहित्र मुक्तेश्वर हा मराठीचा थोर कवी झाला.

नाथांच्या चरित्राचा गौरव करीत असता एक कटू सत्य दडवून ठेवणे बरे नव्हे. त्यांच्या कथा गावोगाव रंगल्या, टाळ्यांनी मंडप दणाणले. गावची विहीर मात्र अस्पृश्यांना मोकळी झाली नाही. गाढवाला गंगोदक पाजल्याची कथा ऐकून डोळे पुसणारा श्रोता दुसऱ्या दिवशी माणसाला पाणवठ्यावरून हाकलीत असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या अनुयायांसह प्राशन केले. त्यानंतर कर्मठांनी ते तळे शुद्ध करण्यासाठी पंचगव्याच्या घागरी त्यात ओतल्या. त्या घागरींची संख्याही एकशे आठ होती. एका बाजूस अपमान गिळण्यासाठी केलेली नाथांची एकशे आठ स्नाने आणि दुसऱ्या बाजूस माणसाचा अपमान करण्यासाठी रिचविलेल्या एकशे आठ घागरी. नाथांपासून आपण किती दूर गेलो होतो, याचे माप यापेक्षा स्पष्ट मिळणार नाही. तळ्यावरील हक्काचा अंतिम निर्णय मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ मध्ये लागला. कथेने जे साधले नाही, ते साधावयास सत्याग्रह आणि कायदा लागला.

आमच्या भूमीतही नाथांच्या वाटेने चालणारे झाले. तळोदे तालुक्यातील मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी आदिवासी बांधवांना मद्यत्यागाचा, नित्य स्नानाचा आणि स्वच्छतेचा उपदेश केला. एकमेकांना आप असे आदराने संबोधावे, ही त्यांची शिकवण. १९३८ साली त्यांचे देहावसान झाले. स्नानाने शरीर आणि आदराच्या एका शब्दाने मन स्वच्छ करणारा हा उपदेश नाथांच्या कुळातलाच आहे.

आज तापीवर प्रकाशा व सारंगखेडा येथे बंधारे आहेत. तिकडे पैठणास १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव आहे. पाणी अडविण्याची विद्या आपणांस साधली. परंतु सातपुड्याच्या डोंगरात उन्हाळ्यात हंडा घेऊन झिरे धुंडाळणारी माउली अजून आहे आणि नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी व अक्कलकुवा भागांतील गावे गेली आहेत. साठविलेले पाणी कोणाच्या दारी पोहोचले आणि कोणाचे दार त्यात बुडाले, हे विचारणे नाथांच्या कथेला धरूनच आहे.

नाथांचे शेवटचे लेखन भावार्थ रामायण. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते आले आणि उरलेले काम त्यांनी गावबा या शिष्यावर सोपविले. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी येऊन राहिलेला, लोकांनी वेडा ठरविलेला हा मुलगा. त्याच्या हाती लेखणी देऊन नाथ निश्चिंत झाले. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस, भक्तांच्या मेळ्यात कीर्तन करून त्यांनी आपला देह गोदावरीच्या स्वाधीन केला. ज्या पाण्याची त्यांनी जन्मभर सेवा केली, त्यानेच त्यांना पोटात घेतले.

पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याचा रांजण आजही दाखवितात. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओतू लागतात. रांजण भरून वाहू लागला की देव घागर घेऊन आला, असे मानतात. कोणाची घागर शेवटची ठरली, हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तेथे प्रत्येकाच्या घागरीला मान आहे. ज्यांना पैठणास जाणे घडणार नाही, त्यांनी खंत करू नये. चैत्राचे ऊन तोंडावर आले आहे. दारात एक माठ भरून ठेवावा, पाखरांसाठी एक परळ ठेवावा आणि पाणी मागणाऱ्याची जात, गाव वा भाषा विचारू नये. एवढे ज्या घरी घडेल, तेथे नाथषष्ठी साजरी झाली, असे आम्ही समजतो.